भंडारदऱ्याची बैठक व्यवस्था

केडगाव, रविवार

आदरणीय महेंद्रदाजींना प्रशांतचा सविनय जयभीम.

तुम्ही, ताई आणि तुमचा उजवा गुडघा, तिघेही बरे असाल अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे तब्येतीने ठीक आहोत, मनाने नाही. (फोन तुम्ही उचलत नाही आणि ग्रुप तर सोडलातच, म्हणून कागदावर लिहितो आहे. अक्षर सांभाळून घ्या.)

आईची एकच इच्छा होती, की लेक-जावई, मुलगा-सून, नातवंडं सगळ्यांनी दोन दिवस एका छपराखाली राहावं. आमच्या केडगावच्या दोन खोल्यांत ते जमणारं नव्हतं, म्हणून मी भंडारदऱ्याला धरणाजवळ बंगला भाड्याने ठरवला. इथवर माझं डोकं जागेवर होतं. मग मी झोपायच्या जागा वाटायला बसलो. शाळेत परीक्षेची बैठक व्यवस्था मीच लावतो, त्यामुळे हात सवयीने चालला आणि आडनावांच्या क्रमाने सगळ्यांना बसवून मोकळा झालो. आम्ही गायकवाड आधी, तुम्ही वाघमारे शेवटी. शेवटी उरला होता पोरांच्या खोलीतला दुमजली पलंग. खाली ताई, वर तुम्ही. तेच ग्रुपवर टाकलं आणि खाली 'यात बदल होणार नाही' असंही लिहिलं (परीक्षेच्या सूचनेत ते लिहावंच लागतं). जयमाला म्हणाली, "अहो, जावयाला शिडी चढायला लावता? आणि घरी जाऊन साधं बोलावणंसुद्धा दिलं नाहीत?" तोवर तुम्ही ग्रुपबाहेर गेला होता.

मला वाटलं, राग उतरेल आणि ऐन वेळी याल. बंगल्यावर पोचताच आईने धरण दिसणारी सगळ्यात मोठी खोली बंद करून किल्ली कमरेला खोचली. "ही जावयाची खोली हाय. कुनी पाय ठिवायचा न्हाई." दुसऱ्या खोलीत एसी गळत होता, त्यामुळे सगळे पोरांच्या खोलीत कोंबले गेलो आणि वरच्या पलंगावर मी चढलो. पंखा कानाशी, छत नाकाशी. तुम्हाला मी कुठे पाठवत होतो ते तिथे आडवा झाल्यावर कळलं. फार वाईट वाटलं, दाजी.

दुसऱ्या दिवशी मटण छान झालं होतं, पण आई दोन ताटं झाकून फाटकाकडे तोंड करून बसली. गाडीचा आवाज आला की उठायची. निघताना पायरीवर फोटो काढला, तर तिने मध्ये दोघांची जागा सोडायला लावली. फोटोत आमचं कुटुंब दात पडल्यासारखं दिसतं. चूक माझी होती आणि शिक्षा तिला झाली.

आपला,
प्रशांत

ता.क. पत्र वाचून जयमाला म्हणाली की यात माफी कुठेच मागितलेली नाही. मागतो. मनापासून.

दुसरा ता.क. (मिरजगावातून) पाकिटावर तिकीट नाही हे तुम्ही पाहिलंच असेल. हे पत्र मी ताईच्या हाती आत पाठवलं आहे आणि तुमच्या दारासमोर गाडीत बसलो आहे. शेजारी आई आहे. "दाजींनी या म्हनल्याबिगर मी उतरायची न्हाई," म्हणते. ऊन फार आहे. एवढं दारात येऊन तिला 'या' म्हणा. मला नाही म्हटलंत तरी चालेल.