विजयाचा वास

१२ जानेवारी
पुन्हा तोच वास! यांच्या शर्टाच्या खिशापाशी. केळीच्या चिकाचा वास मी झोपेतही ओळखेन, यांच्या केळीच्या आडतीतून येणारे ते काळे डाग मीच घासते. हा तो नाही. ओला पाला, कैरीचा देठ मोडल्यावर येतो तो उग्रपणा, मागून मिरीसारखं काहीतरी. अत्तर म्हणावं तर अत्तरही नाही. मग कोणाचा?

१४ जानेवारी
संक्रांत. पण हे तर तिळगूळ घ्यायच्या आधीच गोड बोलतायत! भाजीत मी मीठ विसरले. दिवाळीत एवढ्यावरून ताट सरकवलं होतं. आज म्हणाले, "राहू दे निर्मला, चलता है." डोळे जड, बोलणं सावकाश. मग स्वतःच जाऊन मावा जिलेबी आणली आणि पोरासारखी बोटं चाटत खाल्ली. कित्येक दिवसांत अन्नावर वासना नव्हती या माणसाची!

शाळेतल्या रंजिताला फोन केला. म्हणाली, "नवरा अचानक गोड झाला नं, तं समज, कुठंतरी पाणी मुरून राहिलं."

मुरतंयच.

१७ जानेवारी
ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं! हे गच्चीवर ऊन खात फोनवर बोलत होते — "विजया नसली तं झोपच नाही लागत हो. हां, इतवाऱ्यात येतो नं संध्याकाळी. नाही नाही, घरी पता नाही. पता चालू बी द्यायचं नाही."

विजया!

आणि मी खाली यांच्याच शर्टाला इस्त्री करत होते. कॉलर जळली. जळू दे.

१८ जानेवारी
ओळखीत विजया एकच. माझी ब्लाउजवाली! राहते लोधीपुऱ्यात, दुकान इतवाऱ्याच्या बाजारात. सगळं जुळतंय. वर्गात आज पोरांना उगाच ओरडले.

१९ जानेवारी
गेले. नव्या ब्लाउजचं निमित्त. ती माप घ्यायला वाकली तशी मी तिच्या खांद्याशी नाक नेलं. बाम आणि मशीनचं तेल! पाल्याचा मागमूस नाही. ती दचकली. "काय मॅडम, तबियत बरी आहे नं?" मग वर — "अन् अनंतभाऊ कसे? लईच बारीक दिसून राहिले आजकाल."

हिला काय करायच्या चौकशा? कापड ओढून घेतलं आणि तरातरा निघून आले.

२१ जानेवारी
चहा घेताना विचारलंच — कोण ही विजया? हे असे हसले की कप कलंडला. खिशातून बोटाएवढी बाटली काढली, झाकण उघडलं, आणि खोलीभर तोच वास!

"घे, भेट तुझ्या सवतीला! भांगेचा अर्क आहे. वैद्य लोक भांगेला विजया म्हणतात. झोपेसाठी दिलाय. घरात मास्तरीण! भांग म्हटलं असतं, तं तू मला घराबाहेर काढलं असतं."

काढलंच असतं! पण जीव भांड्यात पडला. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या बिचाऱ्या विजयाला आता काय तोंड दाखवू? नंतर हे माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेले. कपाळावरची आठी कुठल्या कुठे. जवळून घेतला तर तो वासही इतका वाईट नाही. भांग तर भांग, माझा नवरा शांत झोपतोय.

२४ जानेवारी
बाटली संपत आली म्हणून इतवाऱ्यात यांच्या वैद्यांकडे मीच गेले. वैद्यांना वाटलं, मला सगळं ठाऊक आहे. "भूक लागून राहिली नं त्यांना? पण ताई, यानं दुखणं तेवढं दबतं. पोटातल्या गाठीवर इलाज नाही हा. इंदूरला मोठ्या दवाखान्यात जायचं आता टाळू नका म्हणावं."

गाठ.

विजया खरंच कोणी बाई असती, तर जाऊन तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. आता कोणाच्या उपटू?