मातीच्या पट्ट्या आणि जेवणाची सुट्टी

सोम. १८ मे
रिपोर्ट झाला एकदाचा. भाजलेल्या जखमेवर ठेवायच्या जेलच्या पट्टीत नॅनो-क्ले (आमची लाडकी माती) घातली की ती साध्या जेलच्या तिप्पट ताण सोसते. शुक्रवारी रिपोर्ट हॉस्पिटलला जाणार, पुढच्या सोमवारी पहिली पेशंट. आमचे लॅबप्रमुख खन्ना सर खूश. "मॅडम, छा गईं आप." मानेसरच्या लॅबपासून दिल्लीत आर. के. पुरमच्या घरापर्यंत, बसमध्ये मनातल्या मनात मिरवत आले.

मंगळ. १९ मे
रितू, लॅबमध्ये सहा महिन्यांपूर्वी लागलेली. सहज विचारलं तिनं, "मॅम, सादी पट्टी हम सुबह खींचते हैं, क्ले वाली लंच के बाद. क्यों?"
कारण काही नाही. साध्या पट्ट्या कापून लगेच ताण मोजायच्या मशीनवर तुटेपर्यंत ओढायच्या. मातीच्या कापून ठेवायच्या, सगळ्यांनी मिळून जेवायचं, मग ओढायच्या. तोवर त्या एसीखाली उघड्या. जेल म्हणजे बहुतेक पाणीच, ते उडालं की कुठलीही पट्टी चिवट होणार. हा नेम मीच घालून दिलेला. आपलेच दात, आपलेच ओठ.

बुध. २० मे
दोन्ही ताज्या कापून लगेच ओढल्या. पाच वेळा. माती खरंच बळ देते, पण दीडपट. तिप्पट नाही.
अविनाश घरी म्हणाला, "वाढलंय तर खरं, मग रडतेस कशाला?" फायली हलवणाऱ्या नवऱ्यावर उगाच खेकसले. मग सांगितलं, ड्रेसिंग काढताना फाटलं तर तुकडे जखमेत राहतात. चहा त्यानंच केला.

गुरु. २१ मे
सरांना सांगितलं. "क्ले काम तो कर रही है ना? आंकड़ा बाद में सुधार लेंगे." झाकली मूठ सव्वा लाखाची, पण रिपोर्टवर सही माझी. टीम लीडचं नाव याच महिन्यात ठरायचंय आणि मला ते हवंय, खोटं कशाला बोलू. "सोच लीजिए," म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

शुक्र. २२ मे
सुधारलेला रिपोर्ट हॉस्पिटलच्या डॉक्टरांना पाठवला, सरांना प्रत. चूक कशी झाली तेही लिहिलं, जेवणासकट. सर कॉरिडॉरमध्ये समोरून गेले, बघितलं नाही.
चारला डॉक्टरांचा फोन. ओरडले नाहीत. "बस इतना बताइए, उतारते वक़्त फटेगी या नहीं?"
जखमेतलं पाणी पिऊन पट्टी फुगते. फुगलेली पट्टी आम्ही कधी ओढलीच नाही. "पता नहीं, सर."
"लड़की सत्रह साल की है. सोमवार सुबह आठ बजे तक बता दीजिए."
निघताना दोन्ही पट्ट्या, जखमेतल्या पाण्याऐवजी, मिठाच्या पाण्यात फुगायला टाकल्या.

शनि. २३ मे
सुट्टी असून गेले. रितू आधीच हजर, मी बोलावलं नव्हतं. साधी पट्टी चिमट्यानं उचलली आणि मधेच तुटली. मातीची अजून फुगतेय, वजन वाढतंच आहे. पुरती फुगल्याशिवाय ओढण्यात अर्थ नाही, म्हणजे उद्या. हात मात्र सारखा तिकडे जातोय.
सरांचा मेसेज आला: सोमवार, दस बजे, केबिन.
डॉक्टरांना आठला सांगायचंय.