चिखलदऱ्याची जीप

नेर, ६ एप्रिल २००६
शंकरसिंगचा फोन आला. चिखलदऱ्याचं त्याचं लॉज महिनाअखेर बंद! म्हणाला, "दोन सिझन झाले भाऊ, नवीन जोडपं पाह्यलं नाही."

७ एप्रिल
दिवसभर तेच डोक्यात. काय दिवस होते! कापूस विकून त्याचा चुकारा हातात पडला की नेरची नवी जोडपी माझ्याच जीपमधून वर जायची. नवरा, नवरी आणि पाठराखीण! नवरीसोबत सासरी जाते ती धाकटी बहीण. ती हनिमूनलाही जाणारच. आयाबाया ऐकतील तर शपथ! मग त्या पोरीला सांभाळायला आमची सौभाग्यवती, इंदू. त्या दोघी शेजारच्या खोलीत, मी खाली जीपमध्ये. एका मे महिन्यात अकरा फेऱ्या केल्या. लोक व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपले होते.

आता कापसाचे भाव पडले. लोक अंगणात लग्न उरकतात, पोरीला एसटीत बसवून देतात. हनिमूनचं काय घेऊन बसलात!

११ एप्रिल
जीप विकली. इकबाल मिस्त्री सोमवारी नेणार. बोनेट पुसताना रडू आलं. आलं तर आलं!

१२ एप्रिल
एकच गोष्ट टोचते. इंदू इतक्यांदा वर गेली, पण लोकांच्या पोरी राखण्यातच. मी तिला काहीच दाखवलं नाही— ना दरी, ना पॉइंट. जीप जायच्या आत तिला न्यायचंच.

विचारलं, तर म्हणाली, "आता या वयात कायले डिझेल जाळता?" मी चिडलो. चहा तसाच ठेवून निघून आलो.

१४ एप्रिल
तयार झाली! भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा बांधून घेते आहे. वर "स्वेटर घ्या" म्हणून मलाच दटावते.

चिखलदरा, १५ एप्रिल
लॉजला आधीच कुलूप. शंकरसिंग सामान घेऊन गेला म्हणे. फार वाईट वाटलं. एक खोलीसुद्धा देता आली नाही तिला. जीपमध्येच पडणार आहोत, दोघं.

१६ एप्रिल
पहाटे इंदूनं हलवून उठवलं. "चाला, सूर्य निंघते." अंधारात ती पुढे, मी ठेचकाळत मागे. थेट पॉइंटवर! दरी लाल झाली. मी बघतच राहिलो.

"तुला वाट कशी ठाऊक?"

"दर बारी येत होती न मी, पाठराखणीले घेऊन. तुमी तं जीपमंदी घोरत राह्यत. लय वाटे, उठवाव तुमाले... पण गाडी चालवून थकलेला माणूस."