लिंडक्विस्टांच्या बाकावर

१९ फेब्रुवारी १९५९

प्रिय सिग्ने,

तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. लोकरीचे मोजे दोन जोड, कॉफीचा डबा एक, खोकल्याची बाटली शाबूत. टपालहशील एकाहत्तर सेंट! पुढच्या वेळी मोज्यांचा एकच जोड पाठव. पाय दोनच, आणि आता घरात तेवढेच.

बर्फ कुंपणावर चढलाय. टेकडीपलीकडे टेकडीच, त्यामुळे सहा मैलांवरच्या एमेट लिंडक्विस्टच्या धुराड्याचा धूर दिसला, तरी माणूस भेटल्यासारखं वाटतं. बायको गेल्यापासून तोही एकटाच. आपल्या काउंटीत माणसांपेक्षा गुरं जास्त, पण गुरं निदान कळपानं असतात.

रविवारी चर्चमध्ये आम्ही नऊजण. आपल्याकडे ज्याचा त्याचा बाक, तुला ठाऊकच आहे. आजोबांच्या पिढीनं रेल्वेनं लाकूड आणवून घरोघरी आपापला घडवला. दुसऱ्याच्या बाकावर बाई बसते ती लग्न ठरल्यावरच. मी मात्र त्या दिवशी सरळ शेगडीजवळच्या लिंडक्विस्टांच्या बाकावर जाऊन बसले. कडाक्याची थंडी होती, दुसरं काही नाही. पहिलं स्तोत्र संपायच्या आत बर्टा मागून कुजबुजली, “अगं बाई, केक आम्ही करायचा की तूच?” मंगळवारी टपालवाला फाटकातूनच ओरडला, “काकू, पत्ता बदलायचा का?”

काल एमेट ट्रॅक्टरवरून आला. टोपी हातात, आत काही येईना. म्हणाला, “तू चुकून बसलीस, मला कळलं. मी कुणाला काही बोललो नाही. पण पुन्हा चुकलीस तर... मला चालेल.” मी नुसती कॉफी दिली.

सिग्ने, देवाच्या घरातली गोष्ट, खोटं कसं लिहू? थंडीचं निमित्त होतं. तुझे बाबा गेल्याला तीन वर्षं झाली; तेव्हापासून शेजारून कुणाचा आवाज न येता मी स्तोत्रं म्हणतेय. दफनानंतर तू आली नाहीस, त्याचा राग नाही, लांब आहे. पण मी उठून गेले की आपला बाक रिकामा पडणार, आणि तो तुझाही आहे. तुला विचारल्यावाचून मी हलणार नाही. पाद्री आता एक मार्चला येतील, चर्च पुन्हा तेव्हाच भरेल; मी कुठं बसू ते त्याआधी परतीच्या टपालानं कळव. नाही म्हणायचं असेल तरी दोन ओळी लिही. पुढच्या शुक्रवारी टपाल येईल, तेव्हा मी फाटकापाशी थांबते.

देव तुझं भलं करो.

तुझीच,
आई