कागद बोलत नाही

१२ सप्टेंबर २०१४, शुक्रवार. केशोरी.

चाचणी संपली आणि मीही संपले. चहा समोर गार झाला, पण तो आवाज काही डोक्यातून जात नाही. टिंग.

पाचवीतल्या मागे पडलेल्या पोरांना शाळा उघडल्यापासून संगणकावर वजाबाकी शिकवतेय. उत्तर बरोबर आलं की तो टिंग वाजतो आणि पुढचं गणित दाखवतो. चुकलं की गप्प. मग पुन्हा करायचं. रीना हातच्याची वजाबाकी शिकली ती त्याच्यावरच.

आज चाचणीत ती तासभर पहिलंच गणित पुसत होती, पुन्हा सोडवत होती. केंद्रप्रमुख दारातच खुर्ची टाकून बसलेले, मी बोलणार कशी? पेपर गोळा करताना विचारलं, "काऊन व, पुढचं काऊन नाही केलं?"

"कागद काही बोलूनच नाही राहिला जी. मले वाटलं, चुकलं. पुसून पुसून केलं, तं तेच उत्तर येऊन राहिलं."

कागदाला भोक पडलं होतं. उत्तर बरोबर होतं.

तिचा पेपर पाहून केंद्रप्रमुख म्हणाले, "सोमवारपासून संगणक बंद. नुसते सराव पेपर घ्या." त्यांना दिसतो तो एकच गुण. आणि चूक कोणाची? कागद गप्पच असतो, हे सांगायचं माझ्याकडूनच राहिलं ना?

घरी जाताना रीना टेबलाशी घुटमळली. मी वाकून तिच्या कानात म्हटलं, "टिंग."

केवढी हसली! लगेच दप्तरातून पेन्सिल काढली. "मंग आता दुसरं करू, मॅडम?"

पेपरांचा गठ्ठा केव्हाच बांधून झाला होता.