पुळणीतली पुतळी

८ डिसेंबर, रविवार

नदी उतरली. कोंडीखालची पुळण पूर्ण उघडी पडली आहे. दादा सकाळीच जाऊन बघून आला. म्हणाला, "आता हुडकता येईल." आईनं ऐकलं. भाकरी थापत राहिली.

भाद्रपदापासून घरात एवढी एकच गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. विसर्जनाच्या दिवशी वहिनीनं गौर उतरवली. मुखवटा, लुगडं, दागिने. उरलेली तेरड्याची पेंढी सुपात घालून बायकांबरोबर नदीत सोडून आली. दिवेलागणीला डबा उघडला तर सोन्याच्या पुतळ्यांची माळ नव्हती.

वहिनी म्हणते, पेंढीत अडकून गेली असणार. आई म्हणते, माळ उतरवताना मी बघितली. वडील गेल्यापासून आई गौरीला हात लावत नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून बघते. तिथून किती दिसतं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

दसऱ्यानंतर दादा वहिनीला माहेरी सोडून आला. पोलादपूरच्या वरची वाडी. आईचं वाक्य, त्या दिवशीचं: "माळ येईल तवा ती येईल."

१० डिसेंबर, मंगळवार

शाळा सुटल्यावर सायकलनं हवालदाराकडे. दादाही आला. हवालदार पलटणीत सुरुंग काढायच्या कामावर होता. लढाई संपल्यावर मुंबईच्या जुन्या बाजारात त्याला तेच यंत्र दिसलं, ते घरी घेऊन आला. लांब दांडा, टोकाला ताटाएवढी चकती, पाठीवर पेटी, कानांना लावायच्या वाट्या. पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेलं.

मी विचारलं, कशाला घेतलं?

"दिसलं. वळखीचं वाटलं. घेतलं."

सोनं सापडतं का यानं?

"मास्तर, लोखंड बोंबलतं. सोनं हळू बोलतं. कान पायजे."

मोबदला नको म्हणाला. अट एकच, घाई करायची नाही. दादानं मान हलवली. दादा कधीही मान हलवतो.

१४ डिसेंबर, शनिवार

अर्धी शाळा. दुपारी पुळणीवर.

गणपती सोडतात त्या जागेपासून सुरुवात. हवालदारानं चार खुंट्या मारून दोरी बांधली. तिच्या आत सगळ्यांनी अनवाणी जायचं. माझ्या चपलेला खिळे, दादाच्या करगोट्याला चांदीची पेटी. सगळं बाहेर काढून ठेवलं. तोवर काठावर गाव जमलं. बायका धुणी टाकून आल्या होत्या. हवालदारानं त्यांना पार करंजाखाली हाकललं. "बांगड्या वाजतात. माझ्या कानात बांगड्याच वाजतात नुसत्या."

"घरी काय वाजतं रे तुझ्या कानात?" एक म्हातारी ओरडली. हसू उसळलं. हवालदार हसला नाही. त्यानं वाट्या कानांवर चढवल्या, आणि मग त्याचा चेहराच बदलला.

चकती वाळूवरून डावीकडून उजवीकडे. पाऊल पुढे टाकायच्या आधी तो तिथली वाळू दोनदा ऐकतो. आम्ही श्वास धरून. सापडलं ते: बैलाची नाल, दाराची कडी, एक नवा पैसा.

"सरकारचा बी गेला व्हय रं पान्यात!" वरून कोणीतरी.

१५ डिसेंबर, रविवार

आज यंत्र जोरात बोललं. बाहेर उभ्या मलाही वाटीतली कुरकुर ऐकू आली. हवालदार थांबला. एक पाय अर्धवट पुढे, तसाच. कपाळावर घाम. मग हळूहळू खाली बसला, पालथा झाला, आणि बांबूची काडी तिरपी वाळूत सारू लागला. बोटभर. पुन्हा बोटभर.

दादाला दम निघेना. फावडं घेऊन दोरीच्या आत शिरला.

"मागं सर! हात लावू नको!"

हा आवाज आमच्या गावात कोणी ऐकलेला नव्हता. दादाच्या हातून फावडं पडलं. करंजाखालच्या बायका उभ्या राहिल्या.

रॉकेलच्या डब्याचं झाकण निघालं. हवालदार तसाच पालथा पडून राहिला. मी हात दिला. हात थंड होता. "सवय," तो म्हणाला. "जात नाय."

परतताना दादा फावडं घेऊन पुढे निघून गेला. भीती मलाही वाटली होती. पण झाकणाची नव्हे. कधीच काही निघणार नाही, याची.

१८ डिसेंबर, बुधवार

आईला विचारलं, पुळणीवर काय चाललंय ते तू विचारतही नाहीस.

"गौर माझ्या घरातलं काय नेत नाय. आजवर नेलं नाय."

अडकून जाऊ शकतं की.

"नेलं असंल तर मग माझंच कायतरी चुकलं. तसं म्हन."

 माळ नदीत गेली असेल तर आई दोषी, घरातून गेली असेल तर वहिनी. कोणीच दोषी नाही, असं तिसरं या घरात नाही.

२२ डिसेंबर, रविवार

बॅटरी बसली. यंत्र बडबडतं, नाहीतर गप्प. हवालदार म्हणतो, मुंबईशिवाय मिळणार नाही. दादा उद्या जातो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की मी वर पाहिलं.

वहिनीचा निरोप नाही. आम्हीही पाठवलेला नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार

दादा परतला. बॅटऱ्या आणल्या. आईला खजूर. माझ्यासाठी काही नाही, डोळ्याला डोळाही नाही. थकला असेल.

२८ डिसेंबर, शनिवार

सापडली.

जसं घडलं तसं लिहितो. दुपारी हवालदारानं दोरी बांधायला घेतली. दादा म्हणाला, "आज हितं लावा. पानी हितंच घुटमळतं." हवालदारानं जागा बघितली, दादाकडे बघितलं, दोरी तिथं बांधली. थोड्याच वेळात तो थांबला. या वेळी घाम नाही, पालथं होणं नाही. काडीही काढली नाही. सरळ हातानं वाळू बाजूला केली.

एक पुतळी. सोन्याची. उन्हात लखलखीत.

गाव ओरडलं. बायका बांगड्यांसकट धावत आल्या. कोणीतरी दादाच्या पाठीवर थाप मारली. सगळे पुतळीकडे बघत होते. दादा सगळ्यांकडे बघत होता.

मी खड्ड्यात हात घातला. तळाची वाळू कोरडी होती. पाण्यापासून चार पावलांवर वाळू वर कोरडी असते, खाली ओली. इथं वरचीच वाळू खाली गेली होती.

हवालदारानं वाट्या काढून पेटीत ठेवल्या. चहाला थांबला नाही. "बाकीच्या हुडकायच्या का?" दादाला विचारलं. दादा म्हणाला, बघू.

सायं. दादानं पुतळी पाटावर ठेवून आईसमोर सरकवली. आई वाकली. हात लावला नाही. बराच वेळ बघत होती. मी दाराशी. तिच्या तोंडून काय येतं, यावर एक बाई घरात येणार की नाही हे ठरायचं होतं.

"आपलीच."

मग, चूल फुंकत: "आना तिला."

२९ डिसेंबर, रविवार

गोठ्यात दादाला गाठलं. कुठं घेतलीस?

वैरण टाकत राहिला.

दादा, खालची वाळू कोरडी होती.

"तुला काय पायजे? खरं पायजे का वहिनी पायजे?"

बायको तुझी आहे.

"मग गप ऱ्हा."

पाटी उचलून गेला. थोड्या वेळानं परत आला. दारातच उभा राहून, हळू: "तू जा आनायला. मी सोडून आलो तिला. माझं त्वांड नाय."

१ जानेवारी, बुधवार

रजा टाकली. स. ७ ची एस.टी., पोलादपूर. पुढे चढ, तासाभराचा. पुतळी रुमालात, रुमाल आतल्या खिशात. चढताना दर वळणावर चाचपून पाहत होतो.

वहिनी अंगणात नाचणी पाखडत होती. अंगानं वाळली आहे. मला बघून सूप खाली ठेवलं नाही.

"कोन आजारी हाय का, भावजी?"

नाही.

"मग गावली?"

एक गावली.

तेव्हा सूप खाली ठेवलं. हात लुगड्याला पुसून तळवा पुढे केला. पुतळी उलटी केली, सुलटी केली, वरची कडी नखानं चाचपली. श्रावणात माळ तिनंच नव्या गोफात ओवली होती. हे मला माहीत होतं, तरी पुतळी तिच्या हातात दिली. का दिली?

"ही आपली नाय."

मी रुमालाची घडी घातली.

"आपल्या पुतळ्यांची कडी झिजल्याली. तारंवानी. ही कोनी आनली? त्यांनी?"

तिच्या भावानं पाणी आणलं. मी प्यालो. तिनं तो आत जाईपर्यंत वाट पाहिली.

"आत्याबाय काय म्हनल्या?"

आपलीच, म्हणाली.

"बघून?"

बघून.

 कोंबड्या पाखडलेल्या नाचणीवर आल्या, तिनं हाकलल्या नाहीत.

"म्हंजी मी आता चोर नाय," ती म्हणाली. "खोट्या पुतळीनं चोर नाय. उद्या भांडन झालं की हीच पुतळी काढतील माज्यापुढं."

मी म्हणालो, कोणी काढणार नाही. माझं मलाच पटलं नाही.

मग तिनं विचारलं, कुठं हुडकलंत? मी सांगितलं, कोंडीखाली, पुळणीवर. गणपती सोडतात तिथून खाली.

"आनि गौर?"

मला कळलं नाही.

"भावजी, गौरीची पेंढी गनपतीसंगं नाय सोडत. ती आम्ही बायका न्हेतो, वरल्या अंगाला, धुन्याच्या दगडापाशी. पुरुष नसतात तिथं. तुम्ही कोनाला इचारलंत?"

कोणाला नाही.

"बायका नव्हत्या काठाला?"

होत्या. हवालदारानं लांब बसवल्या. बांगड्या.

ती हसली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलेपर्यंत हसली. मग ते हसणं राहिलं नाही. मी कोंबड्यांकडे बघत बसलो.

मी निघताना तिनं पुतळी परत दिली. "ज्याची हाय त्याला द्या. आनि हवालदाराला सांगा, यंत्र गुंडाळू नको. रविवारी मी येते. घरी नाय. नदीवर."

२ जानेवारी, गुरुवार

दादाच्या हातावर पुतळी ठेवली. सगळं सांगितलं. तो जिथं होता तिथंच बसला.

आईला म्हणालो, ती पुतळी आपली नाही म्हणते.

"ठावं हाय."

मग आपलीच का म्हणालीस?

"माज्या गळ्यातली माळ ती. मला नाय कळनार?" कंदिलाची काच पुसत होती. "तुजा भाऊ मुंबईला जाऊन आला. त्याला चार मान्सांत खोटा कसा पाडू?"

आणि वहिनीला?

काच पुसून झाली होती, तरी पुसत राहिली.

४ जानेवारी, शनिवार

हवालदार येतो म्हणाला. खुंट्यांची जागा चुकली, हे ऐकून जमिनीकडे बघत राहिला. "मी बायकांना हाकललं," एवढंच.

आई जेवली नाही. उपास नाही आज.

माळ निघाली तर आईनं पाहिलं ते खोटं. नाही निघाली तर वहिनी परत जाणार, आणि या वेळी कोणी आणायला जाणार नाही. झोप येत नाही. शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या, ठेवल्या.

५ जानेवारी, रविवार. नदीवर, पेन्सिलीनं.

वहिनी पहिल्या एस.टी.नं आली. बरोबर भाऊ. फाट्यावरून घराकडे वळलीच नाही. नदीच्या वरच्या अंगाला, धुण्याच्या दगडापाशी येऊन उभी राहिली. मी इथं याआधी कधी आलेलो नाही. याच गावात जन्मलो.

"हितं बसून सोडली. पेंढी त्या दोन दगडांच्या मधनं गेली. एकदा फिरली, मग बुडाली."

बरोबरच्या बायकाही तेच सांगतात. आज कोणी त्यांना लांब बसवलं नाही. त्या आपणहून बांगड्या कोपरापर्यंत सारून बसल्या आहेत.

हवालदारानं काठची सगळी वाळू ऐकली. काही नाही. दगडांपुढे पाणी आहे, काळं, या दिवसांतही खोल. त्यानं वाट्या काढल्या. "पान्यात हे मुकं."

आई आली आहे. कोणी बोलावलं नव्हतं. वर वाटेवर उभी आहे. वहिनीनं तिला बघून पदर डोक्यावर ओढला.

"घरी चल आधी," आई म्हणाली. "च्या घे."

"हे आधी हुंद्या, आत्याबाय."

आई गेली नाही. तिथंच खाली बसली.

दादानं सदरा काढून दगडावर ठेवला आणि पाण्यात उतरला. दगडांच्या मधे. कंबर. छाती. पायांनी तळ चाचपतो आहे. बुडी मारली, वर आला, मुठीत गोटे. पुन्हा बुडी. दात वाजताहेत ते इथं ऐकू येतं.

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना सांगा, डावीकडं." मी ओरडून सांगितलं. पुन्हा: "दगडाच्या बुडाला बघाया सांगा." सांगितलं. भाद्रपदापासून त्या दोघांचं बोलणं बंद आहे, ते असं माझ्या तोंडून चाललं.

आता ती उठून पाण्याच्या कडेला गेली आहे. माझ्याकडे बघत नाही.

"आनखी आत व्हा," ती थेट त्याला म्हणाली.

तो गेला. पाणी हनुवटीला लागलं आहे.