दसऱ्याला काढलेल्या वायरी

गजूदादा,

तुला पत्र लिहायची सवय मला कधी नव्हतीच. तू होतास तेव्हा फोन होता, आणि फोनवर आपण नुसते भांडायचो. आज लिहायला बसले, कारण तुझ्या मशीनच्या सगळ्या वायरी आईनं काढून टाकल्या. हे तुला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मी सांगितलेलं बरं. लगेच तापू नकोस. आधी पूर्ण वाच.

कागद समोर आला की माझी भाषा शाळेतली होते, ते माहीत आहे मला. तू म्हणशील, मास्तरीण, सीधी बात कर. तर करते.

त्या दिवशी पहाटे तू फूलबाजारात झेंडूचं पोतं उतरवता उतरवता छातीला हात लावून खाली बसलास, आणि मग उठलाच नाहीस. घरी तुझ्या खोलीत मशीन जसंच्या तसं राहिलं. आदल्या संध्याकाळी काहीतरी रचून, बटण बंद करून तू झोपला होतास. वायरी लावलेल्या, नॉब फिरवलेले. तेरवी झाल्यावर बाबा खोलीत गेले आणि काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मागचं बटण दाबलं. वाजलं ना रे ते! खाली एक जाड घुमारा, आणि वर काहीतरी टपटपणारं, मधेच दूर जाणारं, मधेच अगदी कानाशी येणारं.

तेव्हापासून बाबा जुन्या शहरातल्या आपल्या फुलांच्या दुकानाकडे निघण्याआधी रोज सकाळी ते बटण दाबायचे. आई फुलांची टोपली घेऊन तुझ्या दारात बसायची आणि हार ओवायची. मी अमरावतीहून फोन केला की मागं तू वाजत असायचास. "आज गजू लय बोलून राहिला," असं ती मला सांगायची. आणि मी, जिनं इतकी वर्षं तुला 'यात सा कुठं आहे ते दाखव' म्हणून छळलं, ती मी फोन कानाला लावून ऐकत राहायचे.

काय ते तुझं वेड! इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून फुलांच्या धंद्यात आलास, आणि कुरियरनं सुटे पार्ट मागवून खोलीत सोल्डरनं डाग देत बसायचास. सुतारानं पेटी करून दिली तेव्हा बाबांना वाटलं, तू टेलिफोन एक्स्चेंज टाकतो आहेस. मॉड्युलर सिंथेसायझर हे नाव आईला शेवटपर्यंत जमलं नाही, म्हणून घरात ते 'मशीन'. माझ्या गाण्याच्या क्लासला येणाऱ्या पोरींच्या आयांना मी समजावून सांगायला जायचे आणि फजिती करून घ्यायचे. बाजाच्या पेटीसारखं नाही हो, याला पट्ट्याच नाहीत. वेगवेगळे डबे असतात. एक आवाज काढतो, एक तो कापतो, एक लहानमोठा करतो. कोणी कोणाला हलवायचं ते वायरी लावून आपण ठरवायचं. त्या म्हणायच्या, म्हणजे कॅसिओच ना?

आणि मधोमध तुझा तो लाडका डबा, केऑसवाला! स्वतः काहीच वाजवत नाही, दुसऱ्यांना नुसता झुलवत राहतो. मी म्हटलं, हे तर कसंही चाललंय, याला ताळतंत्र नाही. केवढा चिडला होतास. मग मळ्यातल्या कबऱ्या शेळीचं उदाहरण दिलंस. लिंबाभोवती चार फेरे, मग बोरीभोवती एक, मग परत लिंबाकडे. दोन्ही झाडं सोडून ती कुठं जात नाही, अन् एकदा गेलेल्या वाटेनं परत जात नाही. "याले नियम आहे, शिले. फक्त कधी वळणार ते सांगून वळत नाही." तूही कुठं सांगून वळलास? एवढं तरी बोलायचं होतंस की छातीत दुखतं म्हणून.

माझ्या क्लासच्या वार्षिक कार्यक्रमाला तंबोऱ्याऐवजी मशीन लावू दे म्हणून हट्ट धरलास, तो दिवस आठवतो का? मी हो म्हटलं, हीच माझी चूक. भूपाची बंदिश चालू, पोरगी बिचारी डोळे मिटून गाते आहे, आणि तुझा सा हळूच सरकत कुठल्या कुठं निघाला. तिनं त्याच्या मागं जायचा प्रयत्न केला आणि रडकुंडीला आली. पाहुण्यांना वाटलं माइक बिघडला, त्यांनी साउंडवाल्याला झापलं. तू विंगेत उभा राहून हसत होतास. नंतर मी तुझ्याशी किती तरी दिवस बोलले नाही, तरी फुलं पाठवायचास.

एक रेकॉर्डिंग तरी करून ठेवायचं होतंस रे! रेकॉर्ड केलं की ते आंबते म्हणायचास. माझ्या मोबाइलवर एक क्लिप आहे, त्यात तुझ्या मशीनपेक्षा माझीच बडबड जास्त आणि आईचा कुकर. एवढ्यावर आम्ही काय करायचं?

तर दसरा आला. तुला माहीतच आहे, त्या दिवशी आपल्याकडे खुरपी, कात्र्या, तराजू, बाबांची मोटारसायकल, सगळं धुऊन पुसून पुजायचं. तू दर वर्षी मशीनही पुजायचास. आधी सगळ्या वायरी काढायच्या, एकेक पुसायची, नॉब शून्यावर आणायचे, आज याले आराम म्हणायचं. आणि दुसऱ्या दिवशी सगळं नव्यानं रचायचं. आई हे दारातून बघायची.

या वर्षी झेंडूची गर्दी, बाबा दिवसभर दुकानात. आई घरी एकटी. तिच्या मनात आलं, सगळ्यांची हत्यारं पुजली, गजूचं राहिलं. मग तिनं अगदी तू करायचास तसंच केलं. वायरी काढल्या, पुसल्या, रंगारंगानं वेगळ्या करून हाराच्या दोऱ्यानं बांधल्या. नॉब सगळे एका ओळीत केले. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. तिला वाटलं, मिक्सरसारखं आहे, वायर परत लावली की चालू. दुसऱ्या दिवशी बाबांनी बटण दाबलं. दिवे लागले, आवाज नाही.

बाबांचा फोन आला, "शिले, तू ये." मी अकोल्याची बस धरली. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत आईला काय काय बोलायचं ते मनात घोकत होते. लय राग होता, दादा. इतके महिने जपलेलं, आणि हिनं काढून टाकलं!

घरी पोचले तर आई चुलीकडे तोंड करून बसलेली. टोपलीतली फुलं तशीच. दसऱ्यापासून एक हार ओवला नाही, असं बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "त्याले देवानं नेलं. उरला होता तेवढा म्या पुसून टाकला."

मग बसमधलं सगळं बसमध्येच राहिलं.

बाबांच्या मोबाइलवर तुझ्या हार घातलेल्या फोटोचा एक फोटो निघाला, मागं मशीन अर्धवट दिसत होतं. तो मोठा करून करून मी आणि बाबांनी वायरी लावल्या. पिवळी की नारिंगी, यावरून आमचं भांडण झालं. वाजलं, पण ते नव्हतं. नॉब कुठं होते ते कोणाला ठाऊक? आणि तुझा तो डबा असा की केसभर फरक पडला तरी भलतीकडे जातो.

तेव्हा मला तुझंच शेळीचं बोलणं आठवलं, आणि मी आईजवळ जाऊन बसले. तिला सांगितलं की आई, दादानं त्या संध्याकाळी जे ऐकलं तेच तू कधी ऐकलंच नाहीस. बाबा बटण दाबायचे तेव्हा ते रोज नव्या वाटेनं निघायचं. आदल्या दिवशीचं परत आणणं खुद्द त्यालाही जमलं नसतं. तू काही पुसलं नाहीस. ते एका जागी थांबलेलं नव्हतंच.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग इतके दिवस त्यात तो होता का नोता?"

याचं उत्तर तुला तरी आलं असतं का, दादा?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझा आवाज शोधायचं सोडलं आणि मला सुचेल तशा वायरी लावल्या. तो डबा मध्ये ठेवला. दिवे लुकलुकायला लागले, एक घुमारा उठला, बरा होता. आई दारात आली, उभ्यानं ऐकलं. "हा तुहा आहे. त्याचा असा नोता," म्हणाली आणि आत निघून गेली. खरंच बोलली. मी रडले, दादा. बाबा पलंगावर बसून जमिनीकडे बघत होते.

मी बंद करायला उठणार, तेवढ्यात त्या डब्यानं मधेच वळण घेतलं आणि आवाज एकदम घरभर चढला. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "गजू, हळू कर रे!"

जशी ती तुझ्यावर रोज ओरडायची, अगदी तशी. तिच्या ध्यानातच आलं नाही. मग आलं. भांड्यांचा आवाज थांबला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात लांब केला आणि हळू केलं.

थोड्या वेळानं आई फुलांची टोपली घेऊन बाहेर आली, तुझ्या दारात बसली आणि सुईत दोरा घालायला लागली. मी मशीन चालूच ठेवलं.

आता ऐक, शब्द देते. दर दसऱ्याला मी अकोल्याला येईन. वायरी आईच काढेल, आणि मी काढू देईन. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मिळून नव्या लावू. तुझ्यासारखं वाजवायला जाणार नाही. आणि आवाज लहानच ठेवीन, नाहीतर ओरडा तुला बसतो.

तुझी,
शिली